चोराला स्कॅनर कशाला हवा?

गेल्या महिन्यात आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. दोन दिवसांनी तोच पुण्याच्या मावशीकडून आला आणि मग शाळेच्या ग्रुपवरही. म्हणजे समुद्र ओलांडून परत आला होता. मजकूर थोडक्यात असा: "अमेरिकेत काही रिकामटेकडे लोक पोलीस आणि फायर ब्रिगेडचं वायरलेस चोरून पकडतात आणि इंटरनेटवर लाइव्ह सोडतात. चोर मोबाइलवर ते ऐकतात आणि पोलीस यायच्या आत पसार होतात. आपण ९११ या आणीबाणीच्या नंबरवर केलेले फोन, घरातली आजारपणं, सगळं जगभर ऐकू जातं. बॉस्टनचा बॉम्बवाला यामुळेच दिवसभर सापडला नाही. आपल्याकडे हे असतं तर २६/११ पुन्हा झालं असतं. सगळे रेडिओ एन्क्रिप्ट करणं, म्हणजे बाहेरच्याला कळणार नाहीत असे कुलूपबंद करणं, हाच उपाय."

त्या रिकामटेकड्यांपैकी मी एक. न्यू जर्सीत राहतो, दिवसा नोकरी करतो आणि सहा वर्षं आमच्या भागातलं फायर डिस्पॅच, म्हणजे कुठला बंब कुठे पाठवायचा ते सांगणारा रेडिओ, इंटरनेटवर स्ट्रीम करतो. तेव्हा मी काही तटस्थ पंच नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पहिला शब्द 'चोरून'. पोलिसांचा रेडिओ ऐकणं ही इथली इंटरनेटच्या आधीचीच गोष्ट आहे. डेट्रॉइट पोलिसांनी १९२८ मध्ये गाड्यांमध्ये रेडिओ बसवले. गाडीतून उलट बोलताही येईल अशी दुतर्फी सोय १९३३ मध्ये आमच्याच राज्यात, बेयॉन गावात, सुरू झाली. तेव्हाचे पोलीस संदेश नेहमीच्या रेडिओ स्टेशनांच्या जरा वरच असत. त्या काळच्या घरगुती रेडिओंच्या तबकडीवर 'पोलीस' असा पट्टाच छापलेला असायचा. लोक जेवण झाल्यावर बातम्या ऐकावं तसं ते ऐकायचे. यात चोरी कुठे आली?

कायद्याची बाजू मात्र फॉरवर्ड लिहिणाऱ्याला वाटते तितकी सरळ नाही, आणि माझ्या काही छंदी मित्रांना वाटते तितकीही नाही. १९३४ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टनुसार आपल्यासाठी नसलेला रेडिओ संदेश पकडून दुसऱ्याला सांगणं चालत नाही. १९८६ च्या इलेक्ट्रॉनिक कम्युनिकेशन्स प्रायव्हसी ॲक्टनं मात्र स्पष्ट वाट मोकळी ठेवली: पोलीस, अग्निशमन, नागरी संरक्षण यांचे जे संदेश कुणालाही सहज ऐकू येतील असे हवेत सोडले जातात, ते ऐकणं गुन्हा नाही. 'सहज ऐकू येतील' ही अट महत्त्वाची. एन्क्रिप्ट केलेला संदेश त्यात बसत नाही, तो फोडणं गुन्हाच. मोबाइलवरची संभाषणंही बसत नाहीत. एप्रिल १९९४ नंतर इथे बनलेल्या स्कॅनरमधून, म्हणजे असे संदेश शोधून ऐकवणाऱ्या रिसीव्हरमधून, जुन्या मोबाइलचा बँड काढूनच टाकायला लावला होता.

शिवाय राज्याराज्यांचे नियम वेगळे. घरात स्कॅनर ठेवायला आमच्याकडे कुणी हरकत घेत नाही. पण तोच गाडीत बसवून हडसन नदी ओलांडली की न्यूयॉर्कचा कायदा लागतो: परवान्याशिवाय गाडीत पोलीस बँडचा रिसीव्हर चालत नाही, हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स असलेल्यांना सूट आहे. मी हॅम आहे, तरी न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सला मित्राकडे जाताना स्कॅनर घरीच ठेवतो. रस्त्यात थांबवणाऱ्या पोलिसाला कलम समजावून सांगण्याची हौस मला नाही.

आता चोर. चोरांजवळ कधी स्कॅनर सापडलेच नाहीत असं मी म्हणणार नाही. सापडलेत, म्हणून तर न्यू जर्सीत गुन्हा करताना असा रेडिओ जवळ असेल तर तो वेगळा गुन्हा धरतात. पण फॉरवर्डमधला चोर मोबाइलवर स्ट्रीम ऐकतोय. त्याला काय ऐकू येतं ते जरा बघू.

माझ्या बेसमेंटमध्ये एक जुना लॅपटॉप आहे, त्याला तीसेक डॉलरचा एक एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला रेडिओ बनवणारं छोटं यंत्र, लावलाय. माळ्यावर अँटेना, तिथून खाली केबल. सॉफ्टवेअर पी-२५ (पोलीस-फायरच्या रेडिओंची डिजिटल पद्धत) सिग्नल उलगडतं, आवाज १६ किलोबिटच्या मोनो ऑडिओत दाबला जातो, सर्व्हरवर जातो आणि तिथून ऐकणाऱ्याच्या फोनवर. फोनही आधी थोडा आवाज साठवून मगच वाजवायला लागतो. मी एकदा समोर घड्याळ ठेवून पाहिलं होतं. बेसमेंटमधल्या स्पीकरवर आलेलं वाक्य माझ्याच फोनवर यायला पाऊण मिनिट लागलं. पाऊण मिनिट उशिरा मिळालेल्या बातमीवर धंदा करणारा चोर फार दिवस चोर राहत नाही.

आणि ती बातमी तरी कसली? स्ट्रीमवर असतो तो बहुतेक डिस्पॅच चॅनेल, म्हणजे कुणाला कुठे पाठवलं एवढंच. धाडी, पाळत, अमली पदार्थांची पथकं, स्वॅट (पोलिसांची सशस्त्र विशेष तुकडी) यांची चॅनेलं बहुतेक ठिकाणी आधीपासूनच एन्क्रिप्टेड आहेत. जिथे नाहीत, तिथेही या क्षेत्रातला सगळ्यात मोठा मंच, ब्रॉडकास्टिफाय, ती टाकू देत नाही. ज्या चोराला खरोखर सावध राहायचंय तो कोपऱ्यावर एक पोरगा उभा करतो. चोरांचा तो नेटवर्क आपल्या सगळ्यांपेक्षा जुना आहे.

"९११ ला केलेले फोन ऐकू जातात." नाही जात. हा गैरसमज इतका पक्का आहे की इथे जन्मलेल्या माणसांनाही असतो. तुम्ही फोन करता तो टेलिफोन लाइनवर, तिकडचा माणूस तुमचं बोलणं ऐकून संगणकात टिपतो, आणि डिस्पॅचर त्यातलं कामापुरतं रेडिओवर वाचतो. तुमचं रडणं, ओरडणं, नवऱ्याला घातलेल्या शिव्या, यातलं काही हवेत जात नाही. आधी दोन लांब सूर वाजतात, स्वयंसेवक बंबवाल्यांचे पेजर त्या सुरांनी उठतात, आणि मग कंटाळलेल्या आवाजात दीड ओळ येते: अमुक रस्ता, ऑटोमॅटिक अलार्म. पाच मिनिटांनी पहिला बंब कळवतो, 'फूड ऑन द स्टोव्ह'. आमच्या भागात याचा अर्थ बरेचदा फोडणी. दिवाळीच्या आठवड्यात मी स्ट्रीम ऐकत चकल्या तळतो आणि एक्झॉस्ट जोरात आहे ना ते दोनदा बघतो. बाकी वेळ स्ट्रीमवर शांतताच असते. नवा माणूस दहा मिनिटांत बंद करून टाकतो.

पण आजारपणांचं जे म्हटलंय, त्यात तथ्य आहे. संपूर्ण फॉरवर्डमध्ये एवढी एकच गोष्ट अशी आहे, जिच्यामुळे मी माझं काही बदललं.

सुरुवातीला मी फायरबरोबर ॲम्ब्युलन्सचं डिस्पॅचही सोडत होतो. एका फेब्रुवारीच्या रात्री, अकरा वाजले असतील, मी खाली केबलची घरघर काढत बसलो होतो. आवाज आला: ऐंशी वर्षांचे पुरुष, बाथरूममध्ये पडले, शुद्धीवर आहेत, आणि मग पत्ता. नाव नव्हतं. पण पत्ता माझ्या ओळखीचा होता. गणपतीला ज्यांच्याकडे दरवर्षी आरतीला जातो त्या घराचा. त्यांच्या मुलाचा फोन मला दुसऱ्या दिवशी दुपारी आला, "बाबा जरा पडले होते, आता बरे आहेत." मी "अरे, कधी?" असं विचारलं. ते विचारताना फार ओशाळल्यासारखं झालं. मला रात्रीच माहीत होतं, आणि माझ्यामुळे आणखी किती जणांना माहीत झालं असेल कोण जाणे.

कायद्यानं मी काही चुकलो नव्हतो. आरोग्याच्या माहितीचा इथला कायदा, हिपा, दवाखाने, डॉक्टर आणि विमा कंपन्यांना बांधतो, रेडिओ ऐकणाऱ्याला नाही. पण गुन्हा नाही म्हणजे चांगलं आहे असं थोडंच असतं. त्याच आठवड्यात मी ॲम्ब्युलन्सचं चॅनेल बंद केलं. दोघा-तिघांनी तक्रार केली, त्यांना हेच सांगितलं. ज्यांनी कान लावायचाच ठरवलाय ते स्वतःचा डोंगल घेऊन ऐकतील, पण मी ते जगाच्या खिशात नेऊन ठेवणार नाही. हा माझा निर्णय, सगळे तसं करत नाहीत, आणि त्यांच्याशी माझे वाद होतात.

मग एन्क्रिप्शनच उपाय ना? कॅलिफोर्नियाचा अनुभव बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या न्याय विभागानं पोलिसांना कळवलं की लोकांची खाजगी माहिती रेडिओवर उघडी पडता कामा नये. त्यासाठी पर्याय दोन दिले होते: रेडिओ एन्क्रिप्ट करा, नाहीतर खाजगी माहिती उघड्या रेडिओवर बोलायची नाही असा नियम घाला. बऱ्याच खात्यांनी पहिला निवडला. पालो आल्टोनं जानेवारी २०२१ मध्ये एन्क्रिप्ट केलं, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये परत उघडं केलं. लायसन्सचे तपशील, जन्मतारखा असलं काही असेल तर फोन किंवा गाडीतला संगणक, बाकी सगळं रेडिओवर. कॅलिफोर्निया हायवे पॅट्रोल तर एन्क्रिप्शनच्या वाटेला गेलंच नाही. म्हणजे माझ्या फेब्रुवारीच्या रात्रीला उत्तर होतं, आणि ते फक्त कुलूप नव्हतं. शिकागोनं तिसरीच तऱ्हा काढली: २०२२ पासून तिथे पोलिसांच्या रेडिओला एन्क्रिप्शन आणि लोकांसाठी अर्ध्या तासानं उशिरा स्ट्रीम. अर्ध्या तासापूर्वी कुठे काय घडलं होतं ते कळून शेजारच्याचा काय फायदा, ते शिकागोवाल्यांनाच ठाऊक.

शेजारच्याचा फायदा ही हवेतली गोष्ट नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला पॅलिसेड्स आणि ईटनचे वणवे पेटले, तेव्हा तिथली आपली माणसंही ज्या 'वॉच ड्यूटी' ॲपवर डोळे लावून बसली होती, ते ॲप काही सरकारी नाही. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली ना-नफा संस्था आहे ती. तिची माणसं, त्यात निवृत्त बंबवाले आणि आमच्यासारखे छंदी, अग्निशमनाचे रेडिओ तासन्‌तास ऐकतात, कॅमेऱ्यांशी ताडून बघतात आणि आग कुठे सरकली ते नकाशावर टाकतात. फॉरवर्डवाले ज्यांना रिकामटेकडे म्हणतात ते हेच.

आता बॉस्टन. १९ एप्रिल २०१३, बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्ब ठेवणाऱ्याचा शेजारच्या वॉटरटाउनमध्ये घरोघर शोध चालला होता आणि हजारो लोक स्ट्रीम ऐकत होते. त्यातले काही जण ऐकलेलं लगेच ट्विटरवर टाकत होते, कुठली घरं तपासतायत त्यासकट. पोलिसांनी जाहीर विनंती केली की असं करू नका. विनंती रास्त होती आणि तसं टाकणारे चुकलेच. पण आरोपी दिवसभर सापडला नाही तो स्ट्रीममुळे नव्हे. तो एका घराच्या मागच्या अंगणात झाकून ठेवलेल्या बोटीत लपला होता. घराबाहेर पडू नका हा हुकूम संध्याकाळी उठल्यावर घरमालक बाहेर आला, बोटीचं आवरण सैल झालेलं त्याला दिसलं, आणि त्यानं फोन केला.

बॉस्टनची खरी वाईट गोष्ट फॉरवर्डमध्ये नाहीच. भारतीय वंशाच्या एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव संशयित म्हणून त्या रात्री जगभर फिरलं, "स्कॅनरवर ऐकलं" असा दाखला देऊन. त्याचा हल्ल्याशी काडीचा संबंध नव्हता. पुढे एका पत्रकारानं त्या रात्रीची साठवलेली रेकॉर्डिंग तपासली, तर हे नाव स्कॅनरवर कुणी घेतल्याचं त्यांत मिळालं नाही. ऐकलं म्हणणाऱ्यांनी ऐकलं नव्हतं, फॉरवर्ड केलं होतं. हे तपासता आलं, कारण स्ट्रीम साठवलेला होता.

राहिलं २६/११. त्या रात्री अतिरेक्यांचे सूत्रधार टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण बघून सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या निकालात वाहिन्यांना त्यावरून खडे बोल सुनावले, आणि २०१५ मध्ये नियम आला की अशी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, ठरावीक अधिकाऱ्यानं अधूनमधून दिलेली माहिती तेवढी दाखवायची. दोष कॅमेऱ्याचा होता. मुंबईत तेव्हा कुणी स्कॅनर स्ट्रीम करत नव्हतं, आणि आजही करू नये. भारतात वायरलेस यंत्र बाळगायलाच १९३३ च्या कायद्यापासून परवाना लागत आला आहे, आणि आता २०२३ च्या दूरसंचार कायद्यात बेकायदा संदेश पकडण्याला तुरुंगाची आणि जबर दंडाची तरतूद आहे. हे वाचून कुणी पुण्यात डोंगल लावून पोलीस शोधायला बसू नका. हौस असेल तर हॅमची परीक्षा द्या.

पण २६/११ काढलाच आहे म्हणून एक आठवण देतो. कामा हॉस्पिटलजवळ अशोक कामटे, हेमंत करकरे आणि विजय साळसकर शहीद झाले, त्या रात्री वायरलेसवर कोण काय बोललं, मदत कधी मागितली गेली, हे अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता यांना जाणून घ्यायचं होतं. नियंत्रण कक्षाच्या त्या नोंदी त्यांना माहिती अधिकाराचे अर्ज करून मिळवाव्या लागल्या.