ट्यूनिंग म्हणजे नुसता आवाज नव्हे!

जळगावात टर्बो पेट्रोल गाडी घेऊन गॅरेजात गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "भाऊ, कॅट काढी टाका, सरळ पाइप टाकू!" परवा चौथ्यांदा ऐकलं आणि डोकंच फिरलं. अरे, कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काय शोभेला बसवलाय? कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन तोच निस्तरतो. तो काढला की मागचा ऑक्सिजन सेन्सर बोंबलतो, मीटरवर चेक इंजिनचा दिवा लागतो. यांचा उपाय? दिवाच बंद करायचा!

रीमॅपचं, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलण्याचंही तेच. भुसावळच्या 45 अंशांत इंजिन तापलेली, विरळ हवा ओढतं. त्यात बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवलेला आणि टाकीत साधंच पेट्रोल. नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक, सुरू झालं की ईसीयू (तोच कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, म्हणजे पैसे मोजून घेतलेली ताकद ऐन उन्हाळ्यात गायब. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचं, प्लगच्या हीट रेंजचं (प्लग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचं) कुणी नावही काढत नाही.

मागच्या महिन्यात माझाच डाऊनपाइप (टर्बोमागचा धुराचा पाइप) उघडून पाहिला. वेल्डिंगचे मणी आतल्या बाजूला गव्हाच्या दाण्याएवढे वर आलेले, म्हणजे वायूच्या वाटेतच. जॉइंटभोवती काजळी. आणि गॅस्केट? तेसुद्धा जुनंच परत चढवलेलं!