मोकळी माती नाही ती!

"मोकळी माती तर आहे, फुलं कुठे आलीत अजून?" काल सकाळपासून हे वाक्य डोक्यात घण घालतंय.

वसंताची नुकती चाहूल, जुनी आखीव बाग, बॉक्सवुड नावाच्या झुडपाच्या गुडघाभर कुंपणांतले वाफे, त्यांत जेमतेम दोन बोटं वर आलेले ट्यूलिपचे कोंब. आणि एक धडधाकट गृहस्थ कुंपण ओलांडून थेट वाफ्यात! बाई मोबाइल धरून, "मागे, अजून मागे, कारंजं येत नाहीये." तो सरकतोय आणि बुटाखाली कोंब काटकन मोडतायत. ऐकू येतं हो ते! ओल्या मातीत टाचेचा खड्डा, खड्ड्यात चेपलेलं लालसर हिरवं टोक, रस सुटलेलं. मी ओरडले तर वर हे उत्तर. शेवटी फोटो बघून म्हणतो कसा, "डोळे मिटलेत, परत काढ." परत काढ!

अहो, ट्यूलिपचा कांदा पानगळीच्या दिवसांत पुरलेला असतो. १२ ते १६ आठवडे थंडी खातो, तेव्हा कुठे एक फूल देतो. एकच. कोंब चिरडला की यंदाचं फूल गेलं, आणि पानंच नाहीत तर कांद्यात साठणार काय? म्हणजे पुढच्या वर्षाचीही बोंब.

आणि त्या कुंपणावर बसणारे! बॉक्सवुड वर्षाला वीतभरही वाढत नाही धड, पडलेलं भगदाड बुजायला वर्षं जातात. त्यात २००७ साली युरोपात सापडलेल्या त्या पतंगाच्या अळ्यांनी ही कुंपणं आधीच खाल्लीत, उरलेल्यावर माणसं बसतात. बीच नावाच्या झाडाच्या गुळगुळीत सालीवर बदाम कोरणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, तो व्रण झाडाला जन्मभर राहतो.

"आत्ता काय बघायचंय, सगळं उघडंबोडकं" म्हणणाऱ्यांचाही तितकाच राग येतो मला. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजमहालाची बाग १६६१ पासून उद्यानरचनाकार आंद्रे ल नोत्रने आखली, त्यातले नक्षीचे वाफे महालाच्या खिडक्यांतून, वरून पाहायचे. अशा बागेची रेघ न् रेघ याच दिवसांत स्वच्छ दिसते, फुलांनी वाफे भरण्याआधी. डोळे असतील तर!

ते दोघं गेल्यावर मी मोजले. १९ कोंब. दोन-तीन नुसतेच कलले होते, सरळ करावेत म्हणून वाकले, पण वाटेवरून हात पोचेना. आत पाय ठेवणं मला जमलं नाही.