मे महिना, अमळनेर आणि रोटरी इंजिन

"रोटरी इंजिनात पार्टच फार कमी असतात हो" असं सांगणारा कोणी भेटला तर त्याला मे महिन्यात आमच्याकडे अमळनेरला पाठवून द्या, बाकीचं मी बघतो. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही, सगळं खरंय. दोन तिकोनी रोटर, त्यांच्यातून जाणारा एक शाफ्ट, खेळ खल्लास. पण ते रोटर ज्यांच्या जिवावर कॉम्प्रेशन धरतात, म्हणजे दाबलेली हवा निसटू देत नाहीत, ती सीलं? टोकांना सहा अपेक्स सील, कोपऱ्यांत बारा कॉर्नर सील, बाजूंना बारा साइड सील, आणि तीसच्या तीस सीलांखाली स्प्रिंगा, त्याही अशा की इथे शिंकलं तर धरणगावला सापडतील.

गाडी माझी नाही. पुण्याच्या मित्राची रोटरी इंजिनवाली माझदा आरएक्स-सेव्हन, ती भारतात आली कशी ते विचारू नका, मीही नाही विचारलं. गरम झाली की बंद पडायची आणि परत स्टार्ट व्हायचं नाव नाही, म्हणजे सीलं घासलेली. तिकडच्या गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून बघितलं आणि हात जोडले, मग याने स्वतःच इंजिन खोललं, खोलण्यापर्यंत उत्साह टिकला, आणि त्यानंतर त्याला अचानक आठवण झाली की आपला अमळनेरचा दोस्त शेतीपंपांची इंजिनं बांधतो आणि त्याच्या घराचा ओटा मोठाय. इंजिन छोट्या हत्तीतून आलं. सोबत नवीन सीलांचा बॉक्स आणि एक पिशवी, पिशवीवर मार्करने लिहिलेलं 'इतर'.

त्या 'इतर'साठी मी आईचा मिसळणाचा डबा उचलला. जिऱ्याच्या वाटीत अपेक्सच्या स्प्रिंगा, मोहरीच्या वाटीत कॉर्नरच्या. संध्याकाळी फोडणी द्यायच्या वेळेला घरात जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

साइड सील नवं असलं तरी ते थेट बसत नाही. कानशीने घासायचं, बसवायचं, फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून बघायचं, काढायचं, परत घासायचं. कॉर्नर सील आणि त्याच्यामधली फट 0.05 ते 0.15 मिमीत पाहिजे आणि प्रत्येक खाच वेगळी, म्हणजे इथलं तिथे चालणार नाही. जास्त घासलं तर संपलं, लोखंड परत वाढत नाही. आई खाटेवर बिबडे वाळत घालता घालता बघत होती, म्हणे "हाऊ पसारा कव्हय उचलशी रे?"

पण खरी मजा व्हॅसलिनची. रोटर उलटा करून हाउसिंगमध्ये, म्हणजे तो ज्यात फिरतो त्या खोक्यात, उतरवताना खालच्या बाजूची सीलं पडू नयेत म्हणून ती व्हॅसलिन लावून चिकटवतात, जगभर असंच करतात. जगभर करत असतील. आमच्याकडे पारा 44 वर, व्हॅसलिन डबीतच तेल होऊन बसलेलं. सील लावलं, रोटर उलटा केला, टिंग. परत लावलं, टिंग टिंग. कूलर लावला तर त्याच्या हवेत पाणी, आणि उघड्या लोखंडावर पाण्याची हवा सोडायची माझी तरी छाती नाही. शेवटी व्हॅसलिनची डबी फ्रीजमध्ये गेली आणि तिच्या मागोमाग रोटरही, आमरसाच्या पातेल्याशेजारी, पेपरात गुंडाळून. बाहेर काढला की दोन मिनिटात त्याला घाम फुटायचा, तो पुसायचा, ऑइलचा हात फिरवायचा, आणि व्हॅसलिन पघळायच्या आत सगळी सीलं लावून रोटर उलटा. पहाटे चारला हे जमतं. सकाळी दहानंतर ब्रह्मदेव आला तरी जमणार नाही. हे इंजिन काढणाऱ्या फेलिक्स वांकेल साहेबांकडे म्हणे आयुष्यभर ड्रायव्हिंग लायसन्स नव्हतं. बरोबरच आहे, स्वतःला चालवायचीच नसली की माणूस काहीही डिझाइन करतो.

पहिला रोटर बसला, शाफ्ट उभा राहिला, आता मधली बिडाची जड प्लेट. ती शाफ्टच्या दुसऱ्या फुगवट्यावरून खाली सरकायला शाफ्ट इंचभर उचलून धरावा लागतो, म्हणजे तिसरा हात पाहिजे. शेजारचे आबा रोज दाढीला जाताना ओट्यापाशी थांबून "हाई काय शे रे भाऊ?" विचारायचे, त्यांनाच धरायला लावलं. "कितला येय धरू?" हे त्यांनी प्लेट पूर्ण बसेपर्यंत अखंड विचारलं, पण शाफ्ट सोडला नाही, त्याबद्दल मानलं.

दुसरा रोटर, मागची प्लेट, लांब बोल्ट, ते भराभर झालं. फ्लायव्हीलच्या नटाला 54 मिमीचा पाना लागतो, तो धुळ्याला आग्रा रोडवर ट्रकवाल्यांकडे मिळाला, आणि आवळताना दांड्याला बोअरचा पाइप लावून मी, भाऊ आणि छोटा हत्तीवाला असे तिघं लोंबकळलो.

मग हाताने शाफ्ट फिरवला. तो तीनदा फिरला की रोटर एकदा फिरतो. फुस, फुस, फुस, दाबलेल्या हवेचे आवाज सगळे सारखे, कुठेच ढिला नाही. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो. आबांनी कान लावून ऐकलं आणि मुद्द्यावर आले, "इतलं करीसन कितला देस?"

म्हटलं आबा, गावात लिटरला सहा-सात. वरून थोडं ऑइल पण पिते, तिच्या सीलांना ते लागतंच.

"मंग गाडी कसाले, टँकरच ली ले ना."