धने, संत्र्याची साल आणि लोटलेलं दार

"बियर आपली संस्कृती नाही. तिकडं राहून पोट्टे हेच शिकतात." घरच्या ग्रुपवर मोठ्या काकांचा हा मेसेज आला, त्याला आज चार दिवस झाले. निमित्त मी. मे महिन्यात नागपूरला गेलो तेव्हा चुलतभावानं बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बियरचा कॅन आणला होता. बाहेर 45 अंश, आत कूलरची घरघर. दार लोटून आम्ही ती स्टीलच्या पेल्यांतून प्यायलो. रिकामा कॅन काकांना सापडला.

रंग पिवळसर, गढूळ. पहिल्या घोटाला धने, मग संत्र्याच्या वाळलेल्या सालीचा कडसर वास. आई उटण्यासाठी गच्चीवर साली वाळत घालायची, अगदी तोच. मी राहतो त्या बेल्जियममधल्या ल्यूव्हनमध्ये मिळते त्या तोडीची नव्हती. गोडवा जास्त होता आणि फेस लगेच बसला. पण त्या उन्हात जिवाला थंड वाटलं.

आपली संस्कृती नाही म्हणता काका, तर बेल्जियममधल्याच हूगार्डन गावात ही बियर 1957 साली बंदच पडली होती. 1966 मध्ये पीएर सेलिस नावाच्या तिथल्याच दूधवाल्यानं ती पुन्हा सुरू केली. आपलं विसरलेलं जपणं यालाच म्हणतात ना? आणि मोहाची दारू तर आपल्याच जंगलातली, तिचं नाव घरात कोणी काढत नाही. इथं सोळाव्या वर्षी बियर विकत घेता येते. शेजारच्या आजी रविवारी नातवासमोर बसून जेवणासोबत एकच ग्लास घेतात, सावकाश. गुरुवारी रात्री औडे मार्क्ट या ल्यूव्हनमधल्या बारच्या चौकात पोरं धिंगाणा घालतात, तेही खरं, पण लपून कोणी पीत नाही. लपून प्यायलं की घाईनं प्यायलं जातं, हे मी नागपुरातच पाहिलं.

भाऊ म्हणाला, "गडचिरोलीच्या बायांना सांग हे." तिथं 1993 साली दारूबंदी झाली ती बायांनी लढून मिळवली. त्यांच्यापुढे माझं बोलणं टिकत नाही, हे कबूल. काकांपुढे टिकेल असं वाटलं होतं.

पण अकरा वर्षं इथं उघड्यावर बसून पिणारा मी, त्या दुपारी पेले दोनदा घासले, बडीशेप चावली. काकांनी कधी "पिऊ नको" म्हटलेलं मला आठवत नाही. दार मीच लोटलं, तेही त्यांच्याच घरात.

दूधवाला, धने, मोह, सगळं लिहिलेलं उत्तर काल पुसलं. ग्रुपवर नाही, थेट काकांना लिहिलं : काका, चुकलं. तुम्हाला विचारून बसायला पाहिजे होतं.