चादरीवरचं हळदीकुंकू

महाबळेश्वरच्या हॉटेलात दोन रात्री काढून परतताना पसरणी घाटात हिने जाहीर केलं, "आपल्याकडेही आता पांढरीशुभ्र बेडशीटच हवी." समोरून एसटी येत होती, त्यामुळे मी नुसतं "हं" म्हणालो. संसारात "हं"ला स्टँपपेपरची किंमत असते, हे पंचवीस वर्षांत मला कळायला हवं होतं.

तोवर आमच्या घरात सोलापुरी चादरींचं राज्य होतं. मरून, बाटली हिरवा, गर्द निळा. त्यांच्यावर चहा सांडला की तो नक्षीत जमा व्हायचा. आम्ही भावंडं त्यांच्यावर आंबे खाऊन, पाय न धुता लोळून वाढलो. चादरीने कधी चहाडी केली नाही. पांढरी चादर मात्र पहिल्या दिवसापासून पोलीस पाटलासारखी. कोण कधी झोपलं, डोक्याला किती तेल होतं, पाय धुतले होते की नुसते पुसले होते, सगळं नोंदवून ठेवणार.

लक्ष्मी रोडवरच्या दुकानदाराने ती उलगडून दाखवली. "300 थ्रेड काउंट आहे, ताई. प्युअर कॉटन." मला थ्रेड काउंटमधलं काही कळत नाही, पण किंमत ऐकल्यावर वाटलं, धागे मोजण्याची मजुरीही त्यातच धरली असावी.

तीन आठवड्यांत माझ्या बाजूला उशीपासून कमरेपर्यंत एक फिकट पिवळी आकृती उमटली. हिची बाजू जाईसारखी पांढरी. "तुम्ही एवढं काय करता हो झोपेत?" मी घोरतो, एवढं मला ऐकीव माहिती होतं. पिवळेपणाचा खुलासा दुसऱ्या मजल्यावरच्या सरांनी केला. सर केमिस्ट्रीचे, निवृत्त, आणि वर्ग सुटल्यापासून विद्यार्थ्यांच्या शोधात. ते म्हणाले, नुसता घाम फार पिवळा नसतोच. अंगाचं तेल धाग्यात मुरतं, हवा लागून त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि ते पिवळं पडतं. शिवाय साबण जास्त घातला आणि नीट खंगाळला नाही, तर त्याचाही थर बसतो. "आणि तुम्ही खोबरेल लावता." हे त्यांनी प्रश्नचिन्ह न लावता म्हटलं.

मग मी ब्लीचची बाटली आणली. बाटलीवरच्या बाईची चादर इतकी पांढरी, की बाईच काळजीत दिसत होती. आमच्या सोसायटीत निम्मं पाणी बोअरचं, उरलेलं टँकरचं. बादलीत पाणी, त्यात सढळ हाताने ब्लीच, त्यात चादर. तासाभराने काढली तर अंगभर मातकट पिवळी झाक. आधी फक्त माझी बाजू पिवळी होती, आता हिचीही झाली. तेवढीच समानता. सर म्हणाले, बोअरच्या पाण्यात लोह असतं, ब्लीचने त्याचा गंज होतो आणि तो कापडावर बसतो. "म्हणजे तुम्ही चादर गंजवलीत." माणसाचं डोकं गंजतं हे माहीत होतं; चादर गंजवणारा मी आमच्या घराण्यात पहिलाच.

इथे आईने सूत्रं हाती घेतली. "नीळ आणा," एवढंच म्हणाली. नीळ मळ काढत नाही. पिवळसरपणावर निळी झाक चढली की डोळ्याला ते पांढरं दिसतं, इतकंच. आईच्या लहानपणी फडक्यात नीळ बांधून ती पुरचुंडी पाण्यात फिरवत, पाणी आभाळासारखं झालं की कपडा बुडवायचा आणि लगेच काढायचा. हे सगळं तिने मला नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं, तर मी पूड थेट ओल्या चादरीवर भुरभुरवली नसती. चादरीवर निळी बेटं उगवली. जिना चढता चढता थांबलेल्या सरांनी इतिहास काढला: ही निळाई पूर्वी लाजवर्द नावाचा दगड कुटून मिळवत, चित्रकारांना ती सोन्याच्या भावात पडे, 1828 साली गिमे नावाच्या फ्रेंच माणसाने ती कारखान्यात बनवण्याची युक्ती काढून 6000 फ्रँकचं बक्षीस मिळवलं. "आणि तुम्ही ती..." बादलीकडे बघून सरांनी वाक्य सोडून दिलं. आईने सात पाण्यांतून चादर काढली. बेटं बुडाली, पण क्षितिज राहिलं.

खरा प्रसंग पावसाळ्यात घडला. मला खोकला. हिने हळद घातलेलं गरम दूध दिलं आणि बजावलं, "बाहेर बसून प्या." बाहेर डास होते. रात्री साडेअकरा वाजता, ही गाढ झोपलेली असताना, ठसका लागला आणि अर्धा पेला चादरीवर. खाली वाटीएवढं पिवळंधमक वर्तुळ. मी मोबाइलच्या उजेडात, चोरपावलांनी कपड्यांची वडी आणली, पाणी लावलं आणि घासली.

डाग लाल झाला.

पिवळा नाही, केशरी नाही, तांबडालाल. मी आणखी घासलं. आणखी लाल. त्या उजेडात हिने डोळे उघडले, हातात वडी घेऊन वाकलेला नवरा बघितला, चादर बघितली आणि इमारत उठेल अशी किंकाळी फोडली. आई धावत आली. समोरचे आले. सर तर बनियनवर आले, आणि डाग बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला तो अजून विसरता येत नाही.

"कर्क्युमिन! हळद अल्कलीत लाल होते. साबण अल्कली आहे. कुंकू कसं करतात? हळद आणि चुना!"

"म्हणजे यांनी माझ्या चादरीवर हळदीकुंकू केलं," ही म्हणाली. समोरच्या काकू नाइलाजाने हसल्या. सर म्हणाले, खळखळून धुवा, डाग पुन्हा पिवळा होईल, मग उन्हात टाका. हळदीला ऊन सोसत नाही. उपाय शंभर टक्के खरा होता. फक्त जुलै चालू होता आणि ऊन थेट गणपतीनंतर मिळणार होतं.

हॉटेलातल्या पांढऱ्या चादरीचं रहस्य मला त्या रात्री उमगलं: तिच्यावर झोपणारा सकाळी अकराला खोली सोडून जातो. मला तशी सोय नव्हती. हिने चादर धुऊन, सावलीत वाळवून, घडी घालून कपाटात ठेवली. पाहुण्यांसाठी. दिवाळीत नणंद येणार म्हणून काढली, तर हळदीचं वर्तुळ होतंच, वर घड्यांवर पिवळ्या रेघा. ही काही बोलली नाही. तिने मरून सोलापुरी चादर काढून पलंगावर टाकली आणि पांढरी आईच्या स्वाधीन केली.

एप्रिलमध्ये आईने ती गच्चीवर अंथरली आणि तिच्यावर कुरडया घातल्या. गव्हाचा चीक, सोऱ्या, पहाटेपासून लगबग. वाळलेल्या कुरडया सोडवायला चादरीवर उलट्या बाजूने पाण्याचा हबका मारायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा घाणा. मग साबुदाण्याच्या पापड्या. असं महिनाभर: ओली चादर, वैशाखाचं ऊन, वर चिकाची खळ.

मेच्या शेवटी ही डबे भरायला गच्चीवर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. मी बघायला गेलो. ती दोन्ही हातांनी चादर धरून उभी होती. पांढरीफेक, कागदासारखी कडक, हळदीचा मागमूस नाही. महाबळेश्वरची चादर तिच्यापुढे मळकी वाटली असती.

"अहो," ती म्हणाली, "ही आज पलंगावर घालू या?"

"हात लावाल तर खबरदार," मागून आई म्हणाली, "उद्या उडदाचे पापड आहेत."