भागीदार नंतर, आधी खरेदीची यादी

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चाकणला तुमचा पंपांचा कारखाना आहे, जोहान्सबर्गजवळ बॉक्सबर्गला विक्री-दुरुस्तीचं छोटं केंद्र काढायचं आहे, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय आर्थिक सक्षमीकरणावरचा माझा लेख तुम्हाला पटलेला नाही. ‘अनोळखी माणसाला फुकट हिस्सा द्यायचा आणि शाळेला रंग लावून फोटो काढायचा, एवढाच हा कायदा,’ असं तुम्ही लिहिलंत. वर्णभेदाच्या काळात डावललेल्या लोकांना मालकीत, नोकरीत, खरेदीत वाटा देणाऱ्या कंपन्यांना हा कायदा गुण देतो आणि त्यावरून कंपनीची लेव्हल ठरते; पहिली लेव्हल सगळ्यात वरची.

आधी हिश्श्याचं बघू. या कायद्याच्या सर्वसाधारण नियमांनुसार वर्षाची उलाढाल 1 कोटी रँडपर्यंत (रँड म्हणजे तिथलं चलन) असेल, तर हिस्सा न देताही कंपनीला चौथी लेव्हल मिळते. त्यासाठी एक प्रतिज्ञापत्र पुरतं. चौथी लेव्हल म्हणजे तुमच्याकडून घेतलेला 100 रँडचा माल ग्राहकाच्या स्वतःच्या गुणांच्या हिशेबात पूर्ण 100 धरला जातो. पहिल्या लेव्हलच्या पुरवठादाराचा तोच माल 135 धरतात. तुमचा ग्राहक लेव्हलचा दाखला मागतो तो यासाठी. जीएसटीत पुरवठादाराने रिटर्न भरलं नाही तर आपलं क्रेडिट अडकतं, म्हणून आपण त्याच्या मागे लागतो ना, तशीच ही साखळी आहे.

‘आम्हीही भारतीय, म्हणजे त्यांच्या व्याख्येत बसतो,’ हा समज मात्र सोडा. व्याख्या म्हणजे या कायद्यात ‘कृष्णवर्णीय’ कुणाला म्हणायचं याची. डर्बनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, वर्णभेदाचे चटके सोसलेली भारतीय कुटुंबं त्या व्याख्येत आहेत. 27 एप्रिल 1994 नंतर, म्हणजे सर्वांना मतदानाचा हक्क देणाऱ्या पहिल्या निवडणुकीनंतर, तिथे गेलेले तुम्ही-आम्ही नाही. आणि ते योग्यच आहे. आपल्याला कुणी तिथल्या जमिनीवरून, शाळेतून, नोकरीतून हुसकावलं नव्हतं.

फोटोबद्दलचा तुमचा राग मला मान्य आहे. मारिकानाच्या प्लॅटिनम खाणीत लॉनमिन कंपनीने खाणीच्या परवान्यासाठी सरकारला दिलेल्या सामाजिक आराखड्यात कामगारांसाठी 5,500 घरं बांधायचं कबूल केलं होतं. बांधली तीन, तीही नमुन्याची. 16 ऑगस्ट 2012 रोजी तिथे पोलिसांच्या गोळीबारात 34 संपकरी मारले गेले. संप पगारासाठी होता, पण या घटनेची चौकशी करणाऱ्या फार्लम आयोगाने घरांच्या मोडलेल्या शब्दाबद्दलही कंपनीला दोष दिला. ते कामगार पत्र्याच्या झोपड्यांत राहत होते. आराखडा कागदावर मंजूर होता, हे मला आजही सहन होत नाही.

पण यातून नियम फोल आहेत असं ठरत नाही. या कायद्याची गुणपत्रिका बघा. समाजकार्याच्या देणगीला फक्त 5 गुण आहेत. पुरवठादारांकडून खरेदी आणि पुरवठादार, लघुउद्योग यांचा विकास याला मिळून 40 हून अधिक, कौशल्यविकासाला 20. शाळेच्या रंगावर समाधान मानणारी कंपनी कायद्याचा सगळ्यात छोटा कोपरा धरून बसलेली असते.

मी तिथे सात वर्षं एका कारखान्याच्या खरेदी खात्यात होतो. आम्ही जवळच्या वस्तीतल्या एका बाईंना शिलाई मशिनं दिली, कार्यक्रम केला, गुण घेतले. कामगारांच्या बॉयलर सूटची, म्हणजे कामावरच्या अंगभर कपड्यांची, ऑर्डर मात्र जुन्याच व्यापाऱ्याकडे राहिली. आठ महिन्यांनी गेलो तेव्हा मशिनांवर चादर घातलेली होती. बाई एवढंच म्हणाल्या, ‘मशीन मागितलं नव्हतं, काम मागितलं होतं.’

त्यानंतर आम्ही ऑर्डर दोन भागांत केली. एक भाग त्यांना तीन वर्षांसाठी, कापडासाठी काही रक्कम आगाऊ, आणि बिल पंधरा दिवसांत चुकतं. पहिल्या खेपेत खिशांच्या शिलाया उसवल्या. आमचा माणूस दोन आठवडे त्यांच्याकडे जाऊन बसला, तेव्हा माल सुधारला. मी निघालो तेव्हा त्यांच्याकडे नऊ जणी कामाला होत्या आणि आणखी दोन कारखान्यांचं काम होतं. छोट्या कृष्णवर्णीय पुरवठादाराचं बिल लवकर चुकतं केलं, तर त्याचेही गुण मिळतात. चाकणमध्ये मोठी कंपनी तुमचं बिल नव्वद दिवस अडकवते तेव्हा पगाराच्या तारखेला काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

उलाढाल 1 कोटी रँडच्या वर गेली की मालकीचा प्रश्न येईल. तेव्हा नावापुरता भागीदार उभा करू नका. 2013 च्या दुरुस्तीनंतर तो गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुरुस्ती केंद्रात पहिल्या दिवसापासून स्थानिक मुलं शिकाऊ म्हणून घ्या. चार-पाच वर्षांत त्यांच्यातूनच हिस्सा सांभाळणारी, तुमच्याशी वाद घालणारी माणसं तयार होतील. अनोळखी माणसाची भीती तेव्हा उरणार नाही.

बॉक्सबर्गला वर्षभरात काय काय विकत घ्यावं लागेल त्याची यादी करून मला पाठवा. पंपांच्या पॅकिंगच्या लाकडी पेट्यांपासून सुरुवात करू.