हिरवा टॅग बाहेर, खरी माहिती आत

मागच्या आठवड्यात एक शर्ट पाहत होते. सुतळीने बांधलेला तपकिरी, खरबरीत पुठ्ठ्याचा टॅग, त्यावर हिरवं पान आणि खाली ठळक अक्षरांत 'पर्यावरणपूरक'. शर्ट उलटा केला आणि आत शिवणीतली पांढरी पट्टी वाचली: ६२ टक्के पॉलिस्टर, ३३ टक्के व्हिस्कोस, ५ टक्के इलास्टेन (ताणला जाणारा धागा). पॉलिस्टर खनिज तेलापासून बनतं, म्हणजे अर्ध्याहून जास्त शर्ट तेलाचाच! कंपनीला ईमेल करून विचारलं, यात पर्यावरणपूरक नेमकं काय आहे? उत्तर आलं, 'आम्ही शाश्वत भविष्यासाठी कटिबद्ध आहोत.' पुन्हा विचारलं. पुन्हा तेच वाक्य, फक्त खालचं नाव बदललेलं.

मला याचा मनापासून राग येतो, कारण निसर्गाची काळजी असलेला माणूसच या टॅगला भुलतो. म्हणून सांगते, टॅगवर कंपनी तिला हवं ते छापते. आतल्या पट्टीवर मात्र बऱ्याच देशांत कायद्याने धाग्याचं प्रमाण द्यावंच लागतं. आधी पट्टी वाचा.

'बांबूचे कपडे' घ्या. बांबू झपाट्याने वाढतो, हे खरंच आहे. पण तो मऊ कपडा बहुतेक वेळा थेट बांबूच्या धाग्याचा नसतो. बांबूच्या लगद्यावर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून तो विरघळवतात आणि त्या द्रावणातून धागा काढतात. तयार होतो तो व्हिस्कोस रेयॉन, इतर लाकडांच्या लगद्यापासून होतो तोच. कार्बन डायसल्फाइडने कामगारांच्या मज्जासंस्थेला इजा होते, हे शंभराहून जास्त वर्षं माहीत आहे. टॅगवर हिरवंगार बांबूचं बन असतं, त्या कामगाराचा पत्ताच नसतो. अमेरिकेत २०२२ मध्ये रेयॉनला बांबू म्हणून विकल्याबद्दल फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने वॉलमार्ट आणि कोल्स या दुकानसाखळ्यांवर कारवाई केली. दोघांना मिळून ५५ लाख डॉलर दंड झाला.

दुसरा आवडता शब्द 'रिसायकल्ड'. हे पॉलिस्टर बहुतांशी प्लास्टिकच्या बाटल्यांपासून येतं. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिचा शर्ट झाला, त्यात कापूस किंवा इलास्टेन मिसळलं, की पुढचा रस्ता जवळपास बंद. जुन्या कपड्यांपासून पुन्हा नवे कपडे होण्याचं प्रमाण जगभरात १ टक्क्याहूनही कमी मानलं जातं. आणि पॉलिस्टर धुताना त्यातून प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात ते जातातच.

टॅगवरच्या प्रमाणपत्रांच्या शिक्क्यांचंही तसंच. ओको-टेक्सचा स्टँडर्ड १०० हा शिक्का कपड्यात अंगाला घातक रसायनं आहेत का, एवढंच तपासतो. कापूस पिकवताना किती पाणी लागलं, हे त्यावरून कळत नाही. सेंद्रिय कापडासाठी गॉट्स (GOTS) हा आंतरराष्ट्रीय शिक्का बऱ्यापैकी कडक आहे, पण त्यातही दोन पायऱ्या आहेत: नुसतं 'सेंद्रिय' म्हणजे किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा आणि 'सेंद्रिय धागा वापरून' म्हणजे किमान ७० टक्के.

आणि 'पाण्याचा वापर इतके टक्के कमी' असं वाचलं, की विचारा, कशापेक्षा कमी? नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने २०२२ मध्ये हिग इंडेक्स या, कापडाचा पर्यावरणावरचा परिणाम मोजणाऱ्या मापनपद्धतीच्या आकड्यांवर बेतलेली कपड्यांची जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. सरासरीचे आकडे होते, ते त्या विशिष्ट टी-शर्टबद्दल काहीच सिद्ध करत नव्हते. ग्राहकाला मात्र वाटणार, हाच टी-शर्ट मोजलाय.

सगळ्याच कंपन्या खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. काही जणी आपल्या गिरण्यांची आणि रंगाईच्या कारखान्यांची नावं, पत्ते उघड छापतात. चुकलं तर पकडता येईल अशी माहिती जी कंपनी देते, तिच्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

त्या शर्टच्या कंपनीला काल तिसरं ईमेल पाठवलंय. या वेळी एकच प्रश्न: हे कापड कुठल्या कारखान्यात रंगवलं? उत्तर आलं तर जसंच्या तसं इथे टाकेन.